फुलासारखं ठेवलंय

मला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. पाय गेले, तोंड राहिलं. राहिलंय ते वापरायचं नाही तर काय लोणचं घालायचं त्याचं?

साताऱ्यात डोंगराच्या पोटाशी एका चढाच्या गल्लीत आमचं घर आहे. खाली दीर आणि जाऊ, वर मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. सासरे गेले आणि वाटण्या झाल्या, तेव्हा वरचा मजला मीच भांडून मागून घेतला होता. वर वारा लागतो, सज्जात उभं राहिलं की अर्धा सातारा दिसतो, त्या खालच्या ओलीत कोण राहणार, असा माझा तोरा. जिना लोखंडी आहे, अरुंद, दिरांच्या पुढच्या खोलीला लागून, आणि मधे एक वळण आहे. तेव्हा त्या जिन्याचं काही वाटायचं नाही. कमरेवर कळशी घेऊन चढायचे आणि वर तोंडानं जावेशी गप्पा चालू.

मग एका लग्नाहून येताना हायवेवर मागून ट्रकनं आमच्या मोटरसायकलला उडवलं. नवऱ्याचा हात मोडला, माझा मणका. त्याचा हात जुळून आला. मला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण कमरेखालचं काही परत आलं नाही ते नाहीच. माझं माहेर सांगलीचं. बरेच महिने आईकडं काढले. तिथलं घर जमिनीला टेकलेलं, दाराला नावाला उंबरा, त्यामुळं दारात तरी बसायला मिळायचं. पण माहेर किती दिवस पुरणार? भावजय चांगली असली तरी तिचाही चेहरा वाचता येतोच की. शेवटी नवरा टेम्पो घेऊन आला आणि मला साताऱ्याला घेऊन गेला.

दारात टेम्पो थांबला. नवऱ्यानं मला पाठंगुळीला घेतलं आणि वर नेलं. वळणावर माझा गुडघा कठड्यावर आपटला. मला कळलंच नाही, आत्या ओरडल्या तेव्हा कळलं. त्या दिवशी मी वर गेले ती गेलेच. त्यानंतर खाली यायचं ते फक्त दवाखान्यासाठी. लग्नाबिग्नाला कुणी बोलवायचं बंद झालं. बोलावलं तर मला उचलून आणावं लागेल, ही धास्ती.

एक गोष्ट पाय असलेल्या माणसाला सांगून कळायची नाही. ज्याला उचलून न्यावं लागतं, त्याला कुठं ठेवायचं ते उचलणारा ठरवतो. नवरा वाईट नाही. पण त्यानं मला सकाळी खिडकीपाशी ठेवलं की मी दुपारपर्यंत खिडकीपाशी. टेम्पो घेऊन तो लोणंदला कांद्याच्या बाजारात गेला की संध्याकाळीच येणार. न्हाणीघर दोन पावलांवर, पण मला ते सांगलीइतकं लांब. सगळं आत्यांनी करायचं. त्या वयाच्या बाईनं माझं तसलं सगळं करायचं, याची लाज वाटायची आणि मग त्या लाजेचा राग मी त्यांच्यावरच काढायची.

चाकाची खुर्ची होती मला, एका शिबिरात मिळालेली. पण वर खोल्या केवढ्या! खुर्ची दारातून आत जाईना. मग ती खाली जिन्याखाली ठेवली. काही दिवसांनी जावेनं तिच्यावर कांद्याचं पोतं ठेवलं. म्हणाली, "ताई, रिकामीच हाय ना? खाली ठेवलं की उंदीर कुरतडत्यात." माझ्या खुर्चीत कांदे बसायचे आणि मी वर जमिनीवर.

हात चालत होते म्हणून मी साड्यांना फॉल लावायला लागले. सज्जाच्या गजाला दोरी बांधली, दोरीला कापडी पिशवी. गल्लीतल्या बाया पिशवीत साडी टाकायच्या, मी वर ओढायची. भाजीवाला आला की त्याच पिशवीतून भाजी. मी वरून ओरडायची, "कोथिंबीर कवळी दे रं!" आणि तो खालून, "कवळीच हाय ताई, डोळे झाकून घ्या." डोळे झाकूनच घ्यायचे होते, दुसरं काय? वर येईल ती जुडी आपली. जून निघाली तर ओरडायचं, तोवर गाडा गल्लीच्या तोंडाला गेलेला असायचा.

दिरांना विचारलं होतं, नाही असं नाही. म्हटलं, भावजी, मजले बदलू या, वरचं तुम्हाला, खालचं आम्हाला. भावजींनी जावेकडं बघितलं. जाऊ म्हणाली, "ताई, वाटणीच्या वक्ताला तुमीच वरचं मागितलं हुतं." बरोबरच होतं तिचं. तेव्हा मी मागितलं होतं. तेव्हा मला पाय होते, हे फक्त ती विसरली.

मिरजेला तपासणीला गेले की दवाखान्याच्या बाकावर एक बाई भेटायची, कुबड्या घेतलेली. तिनं मला एका सरकारी योजनेचं सांगितलं. ज्या अपंग माणसाला राहतं घर सोयीचं नाही, त्याला सोयीच्या घरात जायला मदत. भाड्याच्या घराची अनामत, सामान हलवायचा खर्च, दाराला उतार, संडासात धरायला दांड्या, सगळं त्यात बसतं. "आधी एक साहेब घर बघायला येतो," ती म्हणाली. "जिना दिसला की झालं तुझं काम." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा हा मेला जिना माझ्या कामाला येणार.

नवऱ्यानं लोणंदला घर बघितलं. त्याचं काम तिथंच, रोजचं जाणंयेणंही वाचणार होतं. एका किराणा दुकानदाराच्या मागच्या दोन खोल्या, रस्त्याला लागून. एका रविवारी तो मला टेम्पोत घालून घेऊन गेला आणि कांद्याचं पोतं उतरवून माझी खुर्चीसुद्धा घेतली. दार रुंद. खुर्ची आत गेली. न्हाणीत गेली, वळली आणि बाहेर आली. मी आतबाहेर, आतबाहेर करत राहिले तशी घरमालकाची बायको हसायला लागली. "बाई, फरशी झिजंल की!"

तेवढ्यात रस्त्यावर भाजीचा गाडा आला. नवरा म्हणाला, थांब, मी आणतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही खुर्चीला. आणि मी माझ्या हातानं चाकं ढकलत दारातून रस्त्यावर गेले. गाड्यापाशी गेले. कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट केल्या, वास घेतला, एक टाकली, दुसरी घेतली, दुसरी टाकली, तिसरी घेतली. भाव पाडला. भाजीवाला वैतागला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! साताऱ्याला घरी येऊन जुडी सोडली तर आतून सगळी पिवळी. बाहेरून हिरवी पानं लावून बांधलेली. नवरा म्हणाला, "फसवलं की तुला." मी हसत होते आणि रडतही होते. मला भर रस्त्यात, माझ्या तोंडावर, इतर चार बायांसारखं फसवलं होतं त्यानं.

दुकानदारानं थोडे दिवस खोल्या राखून ठेवायचं कबूल केलं. अनामतीची आमची ऐपत नव्हती, ती योजनेतून यायची होती. अर्ज गेला. मग फोन आला की अमुक दिवशी साहेब पाहणीला येतील.

त्या क्षणापासून आत्यांच्या अंगात आलं.

आत्या फलटणकडच्या एका खेड्यातल्या. घरी येणारा माणूस म्हणजे देव, आणि त्यातून सरकारी माणूस म्हणजे तर विचारायलाच नको. त्यांच्या वडलांच्या घरी तलाठी आला तर अख्खी आळी सारवायचे म्हणे. त्यांनी आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं. जावेला हाताशी धरलं. दिरांची पुढची खोली धुतली. पलंगावर जावेच्या रुखवतातली चादर आली. माझ्या खुर्चीवरचे कांदे गेले, खुर्ची पुसूनपुसून लखलखीत केली. जिना गंजलाय, बरा दिसत नाही, म्हणून जिन्याच्या तोंडावर नवा पडदा लावला. फुलांचा! मी वरून ऐकत होते. कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हे काय चाललंय? साहेबाला जिनाच तर दाखवायचाय!"

नवरा आत्यांना बोलवून आला. आत्या जिना चढून धापा टाकत आल्या.

"आगं, घरी आलेल्या मान्साला जिना चढाय लावायचा व्हय?"

"आत्या, तो जिना चढायलाच येतोय."

"आन ह्या खोलीत बशिवणार त्याला? हितं तुजं ते भांडं, त्या गोधड्या, ह्यो वास. काय म्हनंल त्यो? सुनंला कसं ठेवलंय म्हनंल. झाकली मूठ सव्वा लाखाची असती बाई."

"आत्या, ही मूठ उघडायचीय. उघडली तरच काही मिळणार आहे."

"तुला न्हाई कळायचं," त्या म्हणाल्या. "मान्साचं मन राखलं की काम हुतं."

माझ्याशी वाद घालून कुणी जिंकत नाही. पण मला उचलणारी मी नव्हते. पाहणीच्या दिवशी सकाळी आत्यांनी मला न्हाऊ घातलं, माझी दिवाळीची साडी नेसवली, केसात गजरा माळला. मी ओरडत होते. आवं, मला खाली नेऊ नका, पाया पडते तुमच्या. नवऱ्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पाठ वाकवली. "आईचं एवढं ऐकू या," म्हणाला. "साहेबाला तू तोंडानं सांग की सगळं." आणि मला पाठंगुळीला घेऊन खाली नेलं, फुलांच्या पडद्यातून पुढच्या खोलीत नेऊन खुर्चीत ठेवलं. शोकेसमधल्या बाहुलीसारखी.

साहेब आले. तरुण होते, घामाघूम झालेले. गल्लीचा चढ चढूनच त्यांचा जीव गेला होता. आत्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. जावेनं पोहे आणले, वर खोबरं आणि कोथिंबीर. साहेब पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "वा! छान ठेवलंय घर."

मी म्हटलं, "साहेब, मी इथं राहत नाही. मी वर राहते. ही खोली दिरांची आहे."

साहेबांनी माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं बघितलं. नवरा भिंतीला टेकून उभा. त्यानं तोंड उघडायच्या आत आत्या हसल्या. "वर काय आन खाली काय सायब, घर एकच हाय. आमच्यात येगळं न्हाई काई."

"होय साहेब," भावजी म्हणाले. वाटणीच्या कागदावर सही केलेले माझे भावजी! "घर एकच."

"साहेब, तुम्ही वर चढून बघा," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "त्या पडद्यामागं जिना आहे. तो बघा. मला पाठीवर घालून आणलंय आत्ता."

साहेब उठलेसुद्धा. खरंच उठले. पडद्याकडं एक पाऊल टाकलं. तेवढ्यात जाऊ आली कपबशी घेऊन. "आधी च्या घ्या सायब, निवतुय." साहेब बसले. चहा घेतला. आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सांगत होत्या, "तिला आमी काई कमी पडू देत न्हाई सायब. हातावं घेतो, हातावं ठेवतो. फुलासारखं ठेवलंय."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हेच माझ्या जिवाला लागतं. माझं सगळं त्याच करायच्या. पण त्यांना वाटलं, हा माणूस सुनेचा छळ होतोय का ते बघायला आलाय. सुनेचं चांगलं चाललंय हे दाखवलं की सरकार खूश होईल आणि देईल. मदत ज्याचं वाईट चाललंय त्याला मिळते, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यांच्या जन्मात मदत नेहमी इभ्रतदार माणसालाच मिळाली होती.

साहेबांनी मोबाइल काढला. खुर्चीत मी, मागं फुलांचा पडदा, शेजारी पोह्यांची बशी, असा फोटो काढला. मला म्हणाले, "ताई, नशीबवान आहात. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत." त्यांना पुढं आणखी एक पाहणी होती. ते गेले. नवऱ्याला मी विचारलं, "तुमच्या तोंडाला काय झालं होतं?" तो म्हणाला, "आईला आईच्या तोंडावर खोटं कसं पाडू?" मला खोटं पाडताना मात्र त्याला काहीच त्रास झाला नाही.

संध्याकाळपर्यंत मी परत वर आणि कांदे परत खुर्चीत.

थोड्या दिवसांनी ऑफिसातून फोन आला. नवऱ्यानं स्पीकरवर ठेवला. बाईचा आवाज होता, वाचून दाखवल्यासारखा. पाहणीत अर्जदार तळमजल्यावर सोयीच्या खोलीत राहत असल्याचं दिसलं. कुटुंब एकत्र आहे, काळजी घेतं. घर बदलायची गरज दिसत नाही.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझे पाय दैवानं नेले. आणि खटपट करून जे मिळत होतं ते पोह्यांच्या बशीनं नेलं. मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आत्या चुलीपाशी बसल्यासारख्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "पर सायब तर किती चांगलं बोलला की गं." मी हातातली साडी फेकली त्यांच्या अंगावर.

स्पीकरचा आवाज खाली गेला होता. दुसऱ्या दिवशी भावजी वर आले. एरवी ते वर येत नाहीत. "वहिनी, गैरसमज नको," म्हणाले, "पर सरकारी कागदावर तुमी खाली राहता असं लागलंय. उद्या काय भानगड नको." ते वकिलाकडं जाऊन आले होते. लगोलग वकिलाचा माणूस स्टँपपेपर घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की मी वरच्या मजल्यावर राहते, खालच्या खोलीत मी कधीही राहत नव्हते, तिच्यावर माझा हक्क नाही. कालपरवापर्यंत घर एकच होतं, एका रात्रीत दोन झालं.

तो वकिलाचा माणूस सहीसाठी जिना चढून वर आला. पडदा केव्हाच काढला होता. वळणावर ठेचकाळला, शिवी हासडली, पण आला. त्याला कुणी पोहे दिले नाहीत, चहा आडवा घातला नाही. माझी खोली त्यानं बघितली, भांडं बघितलं, गोधड्या बघितल्या, नाक मुरडलं. मी सही केली. खोटं काय होतं त्यात? उलट म्हटलं, चला, दिरांच्या पोटदुखीतून का होईना, लेखी मिळालं. त्याची झेरॉक्स घेऊन नवरा ऑफिसात गेला.

तिथल्या माणसानं ती वाचली आणि परत दिली. म्हणाला, "घरातल्या घरात केलेले असले कागद रोज येतात. मदत पाहिजे म्हटलं की लोक भाऊ वेगळे दाखवतात, नवराबायको वेगळी दाखवतात. आमच्याकडं फोटो आहे." फोटोत मी गजरा माळून बसले होते.

लोणंदच्या दुकानदारानं एकदा फोन केला. मग परत केला. आम्ही आज-उद्या म्हणत राहिलो.

आणि मग एका सकाळी आत्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. देवाला जाऊन येते, म्हणाल्या. गुडघे धरत जिना उतरल्या. देवाला एवढा वेळ लागत नाही. दुपार टळली, नवराही नव्हता, मी एकटी. घसा कोरडा पडला, तांब्या लांब. शिव्या घालत बसले होते. त्या आल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला. मला आधी पाणी दिलं आणि मग समोर बसल्या.

"त्या हापिसात गेलते," म्हणाल्या.

तांब्या माझ्या हातातच राहिला.

"त्या सायबाला गाठलं. म्हनलं, सायब, मी लबाड बोलले. आमी तिला वर टाकलंय. तिला संडासला न्यायला मान्स लागतंय, त्ये बी वक्ताला मिळत न्हाई. खुर्चीत कांदं ठेवल्यात. तिचे लय हाल हायती." त्या थोडं पुढं सरकल्या. "आमी तिचे हाल करतो म्हनलं, सायब. धा मान्सांफुडं म्हनलं."

ज्या बाईनं जन्मभर झाकली मूठ धरली, तिनं परक्या ऑफिसात, खुर्च्यांवर बसलेल्या पोरासोरांसमोर ती उघडली होती. मी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"हसला गं त्यो. म्हनला, आजी, सुनंनं पाठिवलं का? घरात भांडान झालंय का? म्हनला, मी बघितलंय तुमच्या सुनंला, लय तोंडाची हाय. भिऊ नका म्हनला तिला." आत्यांनी पदर तोंडाला लावला. "मला च्या पाजला त्यानं. रिक्षात बशिवलं. लय चांगला मानूस हाय."

मी हसायला लागले. काय करणार! मी खरं बोलले तेव्हा घरच्यांनी मला खोटं पाडलं, आणि आत्या खरं बोलल्या तेव्हा माझ्या तोंडानं त्यांना खोटं पाडलं. मी हसते आहे बघून आत्याही कसनुसं हसल्या. मग आम्ही दोघीही रडलो, दोन्ही बाजूंनी हरलेल्या. त्यांच्या खांद्यावर मी डोकं ठेवलं, लग्नानंतर पहिल्यांदा. त्यानं माझा राग गेला असं समजू नका. राग आहे. भावजींवर आहे, नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीवर आहे, त्या भल्या साहेबावर तर फार आहे. पडद्यापर्यंत आलेला माणूस तो. एक चहा कमी प्यायला असता तर?

लोणंदच्या खोल्या गेल्या. दुकानदारानं त्या कुणा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला दिल्या. नवरा सांगत होता, त्या माणसानं उंबरा उंच करून बाहेरून तीन पायऱ्या बांधल्या, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. परत अर्ज करा म्हणतात. केलाय. जुना अहवाल त्याला जोडलेला असतो.

दोरी अजून सज्जाला आहे. साड्या वर येतात, साड्या खाली जातात. पण भाजीची पिशवी आता मी सोडत नाही, आत्या सोडू देत नाहीत. ऑफिसातून आल्या त्या दिवसापासून गाड्याचा आवाज आला की त्या उठतात आणि कठडा धरून, एकेका पायरीला 'आई गं' म्हणत खाली जातात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. भाजीवाल्याशी हुज्जत घालतात, जुड्या उलटसुलट करतात, सोडून आतून बघतात, मग घेतात. तेवढ्याच पायऱ्या परत चढून येतात आणि माझ्या मांडीवर ठेवतात.

"बघ, कशी हाय?"

"चांगली आहे आत्या," मी म्हणते.

चांगलीच असते. एक पान पिवळं नसतं. देठ कवळे, वास घरभर. मी तोंडाळ बाई, पण त्यांचे सुजलेले गुडघे बघते आणि पुढचं तोंडातच ठेवते.

मला ती पिवळी जुडी पाहिजे.